लसूणचोराची झलक



इंदूरहून विमानतळाच्या बाजूने पश्चिमेकडे निघाले की शहराची घरे विरळ होत जातात, माळव्याची काळी जमीन दिसू लागते आणि थोड्याच वेळात हातोद येते. तहसिलीचे ठिकाण, लहानशी नगरपरिषद, भोवताली गहू, सोयाबीन, बटाटा आणि लसूण यांची शेते. आजच्या माझ्या विषयाशी ह्या गावाचा म्हटला तर काहीच संबंध नाही. विषय आहे विद्यार्थ्यांनी तयार करावयाची एका विनोदी गुन्हेपटाची झलक, म्हणजे ज्याला आपण सगळेच ट्रेलर म्हणतो ती, आणि तिच्याबरोबरची पोस्टरे, हस्तपत्रके वगैरे जाहिरातीचे सामान. तरीही मी मुद्दाम हातोद निवडले. मुंबईत चोराची भूमिका करणारा नट संध्याकाळी गर्दीत मिसळून जातो. हातोदमध्ये तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकात पोहे-जिलबी खायला येतो, आणि तेथे त्याला सारे ओळखत असतात. माझे आजचे म्हणणे ह्या फरकावरच उभे आहे.

प्रथम एवढे सांगितले पाहिजे की हा उद्योग पोरखेळ नव्हे. इंग्लंडातील शाळांतून माध्यमांचा अभ्यास हा परीक्षेचा विषय आहे, आणि त्यात विद्यार्थ्यांनी एखाद्या कल्पित चित्रपटाची झलक, त्याचे पोस्टर आणि एका सिनेमासाप्ताहिकाचे किंवा मासिकाचे मुखपृष्ठ तयार करावयाचे, असा अभ्यास अनेक वर्षे दिला गेला आहे. आपल्याकडील वडीलमंडळी हे ऐकून कपाळाला आठ्या घालतील. परंतु मला विचाराल तर निबंधापेक्षा ही परीक्षा कठीण. निबंधात पाल्हाळ खपून जातो. दोन मिनिटांच्या झलकेत एक निरर्थक क्षणही लपत नाही. काय दाखवायचे हे ठरवावे लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे काय झाकायचे हे ठरवावे लागते. शिवाय ह्या अभ्यासात एक गंमत आहे. झलक असते, पोस्टर असते, पण ज्याची ती झलक तो चित्रपटच अस्तित्वात नसतो. ही गंमत श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला परत यावयाचे आहे.

आता असे धरून चालू की हातोदच्या पाच-सहा विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतले. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी माळवी, शाळेत हिंदी, आणि हातात प्रत्येकी नाही तरी दोघांत एक मोबाइल. गोष्ट त्यांना मी उसनी देतो. लसणाचा भाव चढला आहे. शेतावर वाळत घातलेल्या लसणाच्या चार गोण्या एका रात्रीत नाहीशा होतात. गावात एक निवृत्त कारकून आहेत. आयुष्यभर त्यांनी रहस्यकथा वाचल्या, त्यामुळे तपासाचे काम ते कोणी न सांगता आपल्याकडे घेतात. त्यांची तपासाची रीत शास्त्रशुद्ध आहे. चोराच्या हाताला लसणाचा वास येणारच! म्हणून ते भेटेल त्याचा हात हाती घेऊन हुंगत सुटतात. अडचण एवढीच की हंगामात हातोदच्या प्रत्येक माणसाच्या हाताला तोच वास येतो. नगरपरिषदेतल्या साहेबांच्या, शाळेतल्या गुरुजींच्या, शेवटी स्वतः कारकुनांच्याही. मग संशय फिरतो तो दोन दिवसांपूर्वी गावात येऊन गेलेल्या, खांद्याला झोळी लावून जडीबुटी विकणाऱ्या एका फिरस्त्यावर. चोर कोण, हे मी आज सांगणार नाही. झलकेचा तो पहिला नियमच आहे.

ह्या नियमाचा इतिहास मोठा रंजक आहे. ट्रेलर ह्या शब्दाचा अर्थ मागून फरफटत येणारा. अमेरिकेत १९१० च्या दशकात पुढील चित्रपटाची जाहिरात मुख्य खेळ संपल्यावर, मागाहून दाखवीत. त्यावरून हे नाव पडले. पुढे धंदेवाल्यांच्या ध्यानात आले की खेळ संपताच प्रेक्षक उठून जातो, तेव्हा मागचे पुढे आले, पण नाव तसेच राहिले. आपल्याकडे ह्या कलेची पायाभरणी पडद्यावर झाली नाही, भिंतीवर झाली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. १९२० च्या ‘सैरंध्री’ने त्यांचे नाव झाले. (त्यातील कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता की तो सेन्सॉरच्या डोळ्यांवर आला.) नुसत्या अक्षरांच्या जाहिरातीने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. आपल्या चित्रपटांची चित्ररूप पोस्टरे त्यांनी स्वतः रंगविली, छायाचित्रे घातलेली माहितीपत्रके छापली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आजही अभ्यासक आदराने पाहतात.

आणि ह्याच परंपरेतला एक धागा इंदूरला येऊन मिळतो. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन हे पुढे जगन्मान्य चित्रकार झाले. पण मुंबईत त्यांचे आरंभीचे दिवस गेले ते सिनेमाचे अवाढव्य जाहिरातफलक रंगविण्यात. फलक दुरून, चालत्या वाहनातून, एका दृष्टिक्षेपात कळला पाहिजे. त्यामुळे रेषा ठसठशीत हवी, आकार थोडे हवेत. हुसेन यांच्या नंतरच्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर ह्या शिक्षणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हातोदच्या मुलांना मी हे अशासाठी सांगतो की पोस्टर करणे हे चित्रपट करण्याहून खालच्या प्रतीचे काम आहे, अशी समजूत त्यांनी करून घेऊ नये.

जुन्या पिढीच्या श्रोत्यांना चित्रगृहाबाहेर काही आण्यांना मिळणारी गाण्यांची पुस्तके आठवत असतील. त्यांत आरंभी गोष्टीचा सारांश असे. नायिका संकटात सापडली, खलनायकाने दार लावून घेतले, की नेमका तेथे सारांश थांबे आणि पुढचे रुपेरी पडद्यावर पाहा, असे वाचकाला बजावलेले असे. दोन-अडीच मिनिटांची आजची झलक म्हणजे तेच पुस्तक, फक्त ते आता हलते-बोलते झाले आहे. शेवट झाकणे ही तिची कला. ती नसेल तर तिकीट कोण काढील?

परंतु गुन्हेपटाच्या बाबतीत ह्या कलेला एक काटा आहे, आणि तो बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. गुन्ह्याच्या गोष्टीचे सारे यंत्र चुकीच्या संशयावर चालते. निरपराध माणसावर संशय येतो, गोष्ट रंगते, आणि शेवटी खरा गुन्हेगार सापडून पहिला निर्दोष ठरतो. गोष्टीने ज्याला बदनाम केले त्याची अब्रू गोष्टच त्याला परत करते. झलक मात्र अब्रू घेण्याच्या ठिकाणापर्यंत येते आणि तेथे थांबते. आमच्या जडीबुटीवाल्याचा झोळी सावरीत पळतानाचा तुकडा झलकेत हमखास येणार, कारण धावपळ डोळ्याला धरते. तो निर्दोष आहे हे मात्र येणार नाही, कारण तो शेवट. आता चित्रपट पाहणारे थोडे आणि झलक पाहणारे पुष्कळ. पोस्टर तर रस्त्याने जाणारा प्रत्येकजण पाहतो. आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, मघाशी म्हटल्याप्रमाणे, चित्रपट मुळी नसतोच. मग त्या बिचाऱ्याची सुटका व्हायची कधी?

हा केवळ तर्काचा खेळ आहे असे कोणाला वाटेल. म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी कराचीतील एका संस्थेने मुलांच्या अपहरणाविषयी लोकांना सावध करण्यासाठी एक लहानशी चित्रफीत काढली. रस्त्यावर मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. पुढच्याच क्षणी ते परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मूल पळविण्यास किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक समोर धरतात. हेतू निर्मळ, रचना चतुर. पण २०१८ साली हीच फीत भारतात मोबाइलवरून फिरू लागली तेव्हा तिचा शेवट कोणी तरी कापून टाकलेला होता. उरले ते एवढेच, की दोघे आले आणि मूल घेऊन गेले. खोट्या नाट्याचा अर्धा भाग खऱ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून गावोगाव पोहोचला.

त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात पाच माणसांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर जगणारी माणसे होती. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागातली. राईनपाड्याच्या जमावाने कराचीचीच फीत पाहिली होती असे माझे म्हणणे नाही. तेव्हा अशा अफवांचे पीकच आले होते. तीत लिहिलेले निरोप होते, छायाचित्रे होती, आणि शेवट तुटलेल्या अशा फितीही होत्या. पण संशय कोणावर आला ते पाहा. गावचा नव्हे तो, झोळीवाला, परक्या बोलीचा, ज्याला ओळखणारे त्या चौकात कोणी नाही असा. आमच्या विनोदी गोष्टीतल्या जडीबुटीवाल्याचेच हे वर्णन नव्हे काय?

मी ही गोष्ट उसनी देताना त्या फिरस्त्याला काही विचार करून आणले नव्हते. लेखणी आपोआप तिकडे वळली. कोणाचीही वळते, ह्याचेच मला भय वाटते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून समाजच्या समाज जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदविले, त्यांना हजेऱ्या लावल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि ह्या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु पाऊण शतक सरकारी दप्तरात लिहिलेला शेरा लोकांच्या मनातून एका दिवसात पुसला जात नाही. कथाकाराच्या मनातून तर नाहीच, कारण तेथे तो शेरा म्हणून राहत नाही, सोयीचे पात्र म्हणून राहतो.

कायदा ह्यात काय म्हणतो असे कोणी विचारील. चित्रगृहात दाखवावयाच्या झलकेला प्रमाणपत्र घ्यावे लागते, ही गोष्ट खरी. झलक आणि चित्रपट ह्यांच्या नात्याविषयी तर आपल्याच मुलखातला एक मनोरंजक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका शिक्षिका २०१६ साली ‘फॅन’ हा चित्रपट मुलांना घेऊन पाहावयास गेल्या. जाहिरातीत जे गाणे सर्वत्र वाजत होते ते चित्रपटात आलेच नाही. मुले हिरमुसली, रात्री जेवली नाहीत, अशी तक्रार घेऊन त्या ग्राहक न्यायालयात गेल्या. जिल्ह्यात त्या हरल्या, राज्य आयोगाने दहा हजारांची भरपाई आणि पाच हजारांचा खर्च देवविला, राष्ट्रीय आयोगाने तो निकाल उचलून धरला. अखेर २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. झलक ही प्रेक्षकाला तिकीट काढण्यास उत्तेजन देणारी एकतर्फी जाहिरात आहे. तिच्यामुळे निर्माता आणि प्रेक्षक यांच्यात करार होत नाही, असा त्याचा आशय. मला हा निकाल योग्य वाटतो. झलकेतली प्रत्येक गोष्ट चित्रपटात असलीच पाहिजे असे म्हटले तर झलक करणेच अशक्य होईल. मात्र तो वाद प्रेक्षकाच्या फसवणुकीचा होता. झलकेत ज्याला चोर म्हणून दाखविले त्याच्याशी तिचे काय देणे लागते, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता आणि तो कोर्टात सुटण्यासारखाही नाही.

तर मग हातोदच्या मुलांनी करावे काय? संशय सोडून गुन्हेपट होत नाही आणि शेवट उघडा करून झलक होत नाही. पण चांगल्या विनोदी गुन्हेपटांकडे पाहिले तर वाट सापडते. आपल्या शेजारच्या खंडव्यात जन्मलेले आणि इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले किशोरकुमार यांचा ‘चलती का नाम गाडी’ हा १९५८ चा चित्रपट घ्या. त्यातले कारस्थान रचणारा कोणी फाटका भिकारी नाही, तो राजा म्हणवून घेणारा, उंची कपड्यांतला गृहस्थ आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या कुंदन शाह यांनी १९८३ मध्ये ‘जाने भी दो यारो’ केला. त्यात हसे झाले ते लाचखाऊ अधिकाऱ्याचे, ठेकेदारांचे आणि बातमी विकणाऱ्या संपादिकेचे. चाके लावलेल्या पेटीतून फिरणारे प्रेत आणि रंगमंचावर उधळलेले महाभारत एवढेच कापून झलक केली तर तो निव्वळ धिंगाणा वाटेल. पण त्या झलकेतही कोणा गरिबाच्या अंगाला चिखल लागणार नाही. मराठीत महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू घ्या. तो गुन्हेगार आहे हे लहान मूलही पहिल्या क्षणी ओळखते, आणि त्याच्यासारखा माणूस उद्या बाजारात भेटण्याचा संभव नाही, कारण तो एक बाहुला आहे!

तथापि सर्वांत शहाणी युक्ती आल्फ्रेड हिचकॉक यांची. १९६० च्या ‘सायको’ची झलक सहा मिनिटांहून मोठी आहे आणि तीत चित्रपटातले प्रसंग जवळजवळ नाहीतच. हिचकॉक स्वतः, वाटाड्या असावा तसे, त्या रिकाम्या घरातून हिंडतात. येथे काय भयंकर घडले ते सांगू लागतात, आणि ऐन वेळी शब्द गिळून पुढल्या खोलीकडे वळतात. अखेर स्नानगृहाचा पडदा दूर होतो आणि एक बाई किंकाळी फोडते. तीही चित्रपटात तेथे असणारी नटी नव्हे, दुसरीच. अंगावर काटा येतो आणि हसूही येते. हसतो आपण त्या लठ्ठ, गंभीर गृहस्थाला. संशय म्हणाल तर कोणावरच नाही.

हातोदच्या झलकेत अशीच कामगिरी आमच्या कारकूनसाहेबांना देता येईल. भिंग घेऊन ते कॅमेऱ्याकडे येतात, प्रेक्षकाचाच हात मागतात, हुंगतात आणि मान हलवितात. मग एकामागून एक हात: मेंदीचा, शाईचा, तेलकट, अंगठ्या घातलेला. प्रत्येक हातावर तेच मान हलविणे. पोस्टरावर चेहरा एकही नसावा. काळ्या जमिनीच्या रंगावर लसणाचा पांढरा गड्डा, त्याच्या पाकळ्यांच्या जागी मुठी, आणि वर भिंग. हुसेन यांनी फलकावर जे साधले त्याच वाटेचे हे आहे, रस्त्यापलीकडून कळेल. हस्तपत्रकावर काम करणाऱ्या सगळ्यांची नावे, आणि चोरीचे काम करणाऱ्या मुलाचे नाव सर्वांत मोठ्या टाइपात, म्हणजे चौकात त्याला कोणी हटकले तर ते कौतुकाने हटकतील. झलकेच्या प्रत्येक चौकटीत, कोपऱ्यात, चित्रपटाचे नाव जळत राहिले पाहिजे. शेवटी नावांची पाटी घालून भागणार नाही; शेवट कसा कापला जातो ते आपण पाहिलेच. कोणी त्यातला पाच सेकंदांचा तुकडा काढून पुढे धाडला तरी त्यावर ‘लसूणचोर, एक विनोदी चित्रपट’ ही अक्षरे राहिली पाहिजेत. पळापळीचे चित्रीकरण बाजाराच्या दिवशी करू नये आणि करण्यापूर्वी ठाण्यात सांगून ठेवावे, हेही जाता जाता सांगतो. खेळण्यातले पिस्तूल तर घरीच राहू द्यावे. लसणाच्या चोरीला ते लागत नाही.

आणि तो जडीबुटीवाला? त्याला झलकेतून काढून टाकावे असे मी प्रथम म्हणणार होतो. पण मग गोष्टीतल्या अन्यायाचा मागमूसच राहणार नाही. त्यापेक्षा त्याला शेवटचे दहा सेकंद द्यावेत. सारे गाव हात पुढे करून रांगेत उभे आहे. कारकून हुंगत हुंगत त्याच्यापाशी येतात, त्याचा हात हाती घेतात आणि चकित होतात. साऱ्या हातोदमध्ये लसणाचा वास न येणारा तेवढा एकच हात आहे. चोर कोण, ते मुलांनी सांगू नये, मीही सांगत नाही. तो जडीबुटीवाला नव्हे, एवढे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.